संघ चौघांचा, हिशेब एकेकाचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या आदिलाबाद गावी नववीच्या मुलांना मी १८०३ सालचे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सांगत होतो. वर्गात शिरताच एक गोष्ट डोळ्यांत भरली. पहिल्या इयत्तेपासून एका बाकावर बसणारे दोघे विद्यार्थी त्या दिवशी वर्गाच्या दोन टोकांना जाऊन बसले होते. मधल्या सुट्टीत चौकशी केली, तेव्हा एकजण रडवेल्या सुरात म्हणाला, "सर, मी पडलो होतो. हा दहा पावलांवर होता. आला नाही." दुसरा तितक्याच तावाने म्हणाला, "गेलो असतो तर दोघेही मेलो असतो!" क्षणभर माझ्या छातीत धस्स झाले. मग उलगडा झाला की हे पडणे आणि हे मरणे आदल्या रात्री मोबाईलच्या पडद्यावर घडलेले होते. तथापि अबोला खरा होता, आणि तो पुढे बरेच दिवस टिकला.

ज्या खेळावरून हे झाले तो आज आपल्याकडे 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने चालतो. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाच्या कल्पनेतून त्याचा मूळ अवतार २०१७ साली जन्मास आला. २०१८ साली तो मोबाईलवर उतरला आणि 'पब्जी' या नावाने आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली; जुलै २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अंतर्धान पावला आणि २०२३ साली पुन्हा अवतरला. खेळाची मांडणी साधी आहे. शंभर गडी विमानातून एका ओसाड प्रदेशात उड्या टाकतात, घराघरांतून शस्त्रे धुंडाळतात आणि सतत आकुंचन पावणाऱ्या एका रिंगणात परस्परांवर गोळ्या झाडतात. चार गड्यांचा एक संघ असतो. गडी जखमी झाला की लागलीच बाद होत नाही. तो रांगत राहतो, आणि त्याचा भिडू जवळ येऊन काही क्षण शस्त्र खाली ठेवून बसला तर तो पुन्हा उठतो. आपल्या हुतूतूच्या 'संजीवनी' प्रकारातही बाद झालेला गडी उठतो. परंतु तिथे प्रतिपक्षाचा गडी मारूनच आपला गडी उठवावयाचा असतो. इथे मारणे थांबवावे लागते, तेव्हाच भिडू उठतो. भांडणाचे मूळ नेमके या ठिकाणी असते.

त्या रात्रीच्या संघात आमचे दोघे विद्यार्थी होते, आणि उरलेले दोन गडी कोण होते हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते यंत्राने आणून दिलेले होते. एक तामिळ बोलत होता असे एकाचे म्हणणे, मल्याळम असे दुसऱ्याचे. एक गडी उडी टाकताच एकटा कुठेतरी निघून गेला. दुसऱ्याने चांगली बंदूक उचलली आणि खेळ अर्ध्यावर सोडून दिला. ही तक्रार काही आमच्याच मुलांची नाही. सेऊलपासून साओ पाउलोपर्यंत हे खेळ खेळणारा प्रत्येक मुलगा हेच सांगतो, की मी नीट खेळतो, माझा संघ मला बुडवितो. शंभरांपैकी नव्व्याण्णव जणांचे हेच म्हणणे असेल, तर ते बुडविणारे कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

याचा थोडा इतिहास आहे. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'डूम' नावाचा खेळ निघाला. त्यात चार संगणक तारेने जोडून चौघांना एकत्र खेळता येई. हे चौघे बहुधा एकाच खोलीत बसलेले मित्र असत. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील काही तरुणांनी 'टीम फोर्ट्रेस' रचला आणि त्यात गड्यांना निरनिराळी कामे वाटून दिली. कोणी हेर झाला, कोणी दुरून नेम धरणारा, कोणी जखमींची शुश्रूषा करणारा वैद्य. एकट्याने सर्व काही करता येऊ नये अशी ती योजना होती. १९९९ साली 'काउंटर-स्ट्राइक' आला आणि पाच विरुद्ध पाच ही त्याची रूढ पद्धत झाली.

हा शेवटचा खेळ मी स्वतः खेळलो आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. महाविद्यालयात असताना, पंचविसेक वर्षांपूर्वी, तासाला पैसे मोजून संगणक वापरू देणाऱ्या एका दुकानात आम्ही दहाजण जात असू. मी अत्यंत वाईट खेळत असे. गोळीबार सुरू झाला की मला धीर धरवत नसे. मी आपल्याच भिडूच्या बंदुकीपुढे धावत सुटे आणि पाठीत त्याचीच गोळी खाई. पानिपतावर विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार गोलाची रचना मोडून, इब्राहिमखान गारद्याला पाठ द्यावयाची सोडून पुढे धावले असे आपण वाचतो. त्यांच्या मनात त्या क्षणी काय झाले असेल हे मला त्या दुकानात थोडेफार कळले. मेलेल्या गड्याने डाव संपेपर्यंत नुसते पाहत बसावयाचे असा त्या खेळाचा नियम आहे. मी पाहत बसे, आणि शेजारच्या खुर्चीवरून शिव्या ऐकत असे. परंतु शिव्या देणारा मित्र डाव संपल्यावर माझ्याच सायकलवर डबलसीट बसून घरी येई. दुसऱ्या दिवशी तोच भेटणार, त्याच्याच वहीतून टिपणे उतरवून घ्यावयाची, म्हणून तोही जपून बोले आणि मीही हळूहळू भिंतीआड थांबावयास शिकलो.

२००४ साली 'हेलो २' हा खेळ आला आणि हे चित्र पालटण्यास आरंभ झाला. खेळाडूने नुसती कळ दाबावी, आणि जगातून कोठूनही त्याच्या तोडीचे भिडू आणि प्रतिस्पर्धी यंत्राने जमवून द्यावेत, ही सोय त्या खेळाने लोकप्रिय केली. सोय मोठी होती यात शंका नाही. आदिलाबादसारख्या गावात रात्री नऊ वाजता तीन गडी कोठून मिळणार? परंतु तोड ठरवावयाची तर गुण मोजले पाहिजेत. गुण मोजण्याची विद्या बुद्धिबळाकडून आली होती. अमेरिकेत जेझुइट धर्मगुरूंच्या मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे आर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले प्राध्यापक होते. त्यांची गुणांकन पद्धती अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. बुद्धिबळात समोर एकच माणूस असतो, त्यामुळे हिशेब सरळ आहे. संघाचे काय करावे? मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधकांनी २००५ च्या सुमारास एलो यांची पद्धत विस्तारून 'ट्रूस्किल' नावाचे गणित बसविले. ते अत्यंत बुद्धिमान आहे. पण त्याचे एक गृहीत माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकास अडखळविते. संघाचे बळ म्हणजे त्यातील गड्यांच्या बळाची बेरीज, असे ते गृहीत आहे.

आता मी ज्या धड्यावर होतो तिकडे येतो, कारण ही बेरीज आपल्या पूर्वजांनीही एकदा केली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज पसरली होती. दौलतराव शिंदे यांची कवायती पायदळे, शंभराच्या आसपास तोफा, त्यांचे आणि नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे अफाट घोडदळ, शिवाय बेगम समरूच्या पलटणी. समोर आर्थर वेलस्लीची फौज संख्येने याच्या एका लहानशा हिश्श्याइतकी होती. त्यातही वेलस्लीचा भिडू त्या दिवशी हजर नव्हता. कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेने येत होता, आणि दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करावयाचा असे ठरले होते. वेलस्लीने थांबण्याचे नाकारले. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले, तेव्हा दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला, आणि तो खरा निघाला.

मराठी पायदळाची त्या दिवशीची कामगिरी वाचताना आजही ऊर भरून येतो. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली त्या पलटणींनी शत्रू बाजूने येत आहे असे पाहताच सबंध रांग फिरवून त्याच्याकडे तोंड केले. हे काम कवायतीच्या मैदानावरही अवघड असते. तोफा अशा चालल्या की इंग्रजांचे एकंदर पंधराशेहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले. इंग्रज तोफखान्यावरून पुढे गेले, तेव्हा मेल्याचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. असे गडी कोणत्या सेनापतीस नको होते? आणि हे चालले असताना घोडदळाचा फार मोठा भाग बाजूला उभा राहून पाहत होता. समरूच्या बहुतेक पलटणी सामानाच्या राखणीस ठेवलेल्या होत्या. त्या तशाच अभंग निघून गेल्या. शिंदे आणि भोसले या दोघांनीही निकाल लागण्यापूर्वीच रणांगण सोडले. यशवंतराव होळकर तर या युद्धात तोवर उतरलेलेच नव्हते, आणि दुसरे बाजीराव पेशवे वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला जाऊन बसले होते. आठच वर्षांपूर्वी, १७९५ साली, खर्ड्याला हीच सर्व नावे एका बाजूने निजामाविरुद्ध उभी राहून जिंकली होती. माणसे थोडीफार बदलली होती हे खरे. परंतु प्रत्येक सरदार आपापला मुलूख, आपापली थकबाकी आणि आपापली फौज सुरक्षित राखून लढावयास आला होता. बेरीज बरोबर होती. ९८ तोफा मात्र इंग्रजांच्या हाती लागल्या.

त्याचा परिणाम आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आला. नोव्हेंबरात अडगावला दुसरा पराभव झाल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. आदिलाबादहून उत्तरेस निघालो की पैनगंगेचा पूल लागतो. त्या तहानंतर या नदीच्या दोन्ही काठांवर एकच धनी झाला. नकाशावर हे दाखवले तेव्हा मागच्या बाकावरचीही मुले पुढे सरसावली.

मोबाईलवरच्या खेळाची आणि असईची तुलना काहींना थट्टा वाटेल. माणसे तिथे खरोखर मेली होती, हे मी विसरलेलो नाही. परंतु डाव संपल्यावर पडद्यावर जो तक्ता उमटतो तो मुलांनी मला दाखविला. चौघांची नावे, प्रत्येकापुढे त्याने किती मारले, किती इजा केली, आणि सर्वांत सरस ठरलेल्याचा निराळा मान. भिडूला उठविण्यासाठी जो आडोसा सोडून गेला आणि मारला गेला, त्याच्या नावापुढचा मोठा आकडा शून्यच राहतो. मुले स्वार्थी झाली आहेत असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. ज्या वहीत आपला हिशेब लिहिला जातो, त्या वहीकडे पाहूनच माणूस वागतो. पवित्र शास्त्रात बाबेलचा बुरूज अर्धाच राहतो, कारण बांधणाऱ्यांची भाषा फुटते. या खेळातील भाषेची अडचण मात्र पुष्कळशी सुटली आहे. २०१९ साली आलेल्या 'एपेक्स लीजेंड्स'ने एक कळ दाबून इथे शत्रू, इथे शस्त्र, इकडे चला, अशा खुणा करण्याची उत्तम व्यवस्था केली. तामिळ गड्याची खूण आदिलाबादच्या मुलाला कळते. कळूनही तो जात नाही, ही गोष्ट वेगळी.

जे जातात तेही आहेत. १० मार्च २०१९ रोजी आमच्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, या खेळाच्या भारतीय मालिकेची अंतिम फेरी झाली, आणि 'सोल' नावाच्या संघाने ३० लाखांचे पहिले पारितोषिक नेले. मुंबईचा नमन माथूर त्यातच होता. त्या संघातील गडी यंत्राने त्या सायंकाळी जमविलेले नव्हते. एकमेकांच्या सवयी त्यांना पाठ होत्या. आमच्या मुलांना त्या संघाचे सर्व सामने तोंडपाठ आहेत. मग तुम्ही दोघे तरी रोज तेच दोन भिडू घेऊन का खेळत नाही, असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले, "सर, आमच्यात चौथा कोण, यावरच एकमत होत नाही."

असईची एक गोष्ट मी धड्याच्या अखेरीस राखून ठेवली होती. चूक त्या दिवशी इंग्रजांकडेही झाली होती. उजव्या टोकाच्या तुकडीचा अधिकारी ऑरॉक हुकमापेक्षा फार पुढे, थेट असई गावाच्या तोफांच्या तोंडी गेला, आणि त्याच्या मागोमाग ७४ वी पलटणही तिकडे ओढली जाऊन निम्म्याहून अधिक कापली गेली. त्यांना वाचविण्यासाठी मॅक्सवेलच्या घोडदळाला वेळेआधी धाव घ्यावी लागली, आणि ते धावले.

जो पडलेला राहिला होता त्या मुलाने हात वर केला. "सर, त्या ऑरॉकला नंतर काय केले? काढून टाकले?"

मी सांगितले, की वेलस्लीने पुढे एका पत्रात त्याच्याविषयी लिहिले आहे. चुकीच्या परिणामांचे दुःख त्याने लपविलेले नाही. परंतु त्याहून भयंकर आगीत कोणाही माणसाला आपली माणसे नेता आली नसती, हेही त्याने त्याच वाक्यात मान्य केले आहे.

मुलगा खाली बसला. खिडकीजवळच्या दुसऱ्याने विचारले, "आणि मॅक्सवेलचे?"

तो त्याच दिवशी सायंकाळी, शेवटच्या हल्ल्यात, पडला.