राजकीय विनोद : सभागृहापासून ट्विटरपर्यंत

हसवणाऱ्या राजकारण्याला लोक नेहमीच थोडे झुकते माप देतात. कठोर टीका ज्याला पचत नाही, तोही विनोदाच्या वेष्टनातली टीका ऐकून घेतो. मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आचार्य प्र. के. अत्रे. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले आणि १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने ते मुंबई विधानसभेत निवडून गेले. बेळगाव-कारवारसह महाराष्ट्र मागणाऱ्या त्या चळवळीच्या सभांना माणसे संतापून येत, तशीच अत्र्यांच्या तोंडून काही खुमासदार ऐकायला मिळेल म्हणूनही येत. 'गेल्या दहा हजार वर्षांत' ही तर त्यांची ठरलेली अतिशयोक्ती. ती शब्दशः घ्यायची नसते, हे मैदानातल्या शेवटच्या श्रोत्यालाही ठाऊक असे. शिवाय सभागृहात ज्याच्यावर कोटी केली, तो मंत्री समोरच बसलेला असे आणि उठून उत्तर देऊ शके. ज्या नेहरूंवर अत्र्यांनी वर्षानुवर्षे आसूड ओढले, त्यांच्या निधनानंतर १९६४ साली त्याच लेखणीने 'सूर्यास्त' या शीर्षकाखाली हृद्य लेख लिहिले. त्यांच्या विनोदामागे वैर नव्हते, मतभेद होता, याची साक्ष त्यातून पटते.

लोकसभेत हाच वारसा पिलू मोदींनी चालवला. गुजरातेतील गोध्रा मतदारसंघातून १९६७ आणि १९७१ साली निवडून गेलेले स्वतंत्र पक्षाचे हे भारदस्त देहाचे पारशी नेते. देशातील असंतोषामागे अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा हात आहे, असा आरोप सत्ताधारी पक्ष ऊठसूट करीत असे. तेव्हा 'मी सीआयएचा हस्तक आहे' अशा अर्थाची पाटीच गळ्यात अडकवून मोदी संसदेत अवतरले. आरोप ज्या सभागृहात झाला, त्याच सभागृहात त्याचे उत्तर मिळाले. म्हणून त्यावर वेगळे भाष्य करावे लागले नाही.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्यावर विनोद झाला तो, हे तिघेही एकाच प्रसंगाचे भागीदार होते. २००६ साली ट्विटर सुरू झाले आणि ही भागीदारी मोडली. वाक्य प्रसंगापासून सुटे झाले. त्याचा पहिला मोठा अनुभव भारतीय राजकारणाला सप्टेंबर २००९ मध्ये आला.

त्या वेळी केंद्र सरकारने काटकसरीची मोहीम हाती घेतली होती. मंत्र्यांनी विमानात साध्या वर्गाने प्रवास करावा, असा आग्रह होता. परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांना एका पत्रकाराने ट्विटरवर विचारले की, पुढच्या वेळी केरळला 'कॅटल क्लास'ने जाणार काय? इंग्रजीत विमानाच्या दाटीवाटीच्या स्वस्त वर्गाला थट्टेने असे म्हणण्याची पद्धत आहे. थरूरांनी प्रश्नकर्त्याचाच शब्द उचलला आणि आपल्या सर्व 'पवित्र गायीं'शी एकजूट दाखवण्यासाठी आपणही त्याच वर्गाने जाऊ, असे उत्तर दिले. टीकेपलीकडे मानल्या गेलेल्या गोष्टींना इंग्रजीत 'पवित्र गाय' म्हणतात. तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती, आणि तेवढ्यात ही दुहेरी कोटी बसलीही. पण प्रश्न मागे राहिला आणि उत्तर एकटेच देशभर फिरले. मंत्री सामान्य प्रवाशांना गुरेढोरे म्हणतात, असा त्याचा अर्थ झाला. स्वपक्षीयांनीच राजीनामा मागितला. थरूरांना क्षमा मागावी लागली, आणि तो विनोद होता, असे खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग यांना सांगावे लागले.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगावच्या मराठी घरांना यात नवल वाटू नये. दोन-तीन भाषांत पिढ्यानपिढ्या वावरणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, परक्या भाषेतील व्यवहार आधी कळतो, भांडण त्यानंतर कळते आणि विनोद सर्वांत शेवटी. घरातली कोटी शेजाऱ्याला समजावून सांगू लागलो की ती तिथेच मरते. ट्विटरने मात्र प्रत्येक कोटी एकाच वेळी सर्व शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकली.

मग या माध्यमात निर्मळ विनोद अशक्य आहे काय? सुषमा स्वराज यांचे उदाहरण तसे सांगत नाही. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा मतदारसंघाच्या त्या खासदार आणि २०१४ ते २०१९ या काळात परराष्ट्रमंत्री होत्या. परदेशात अडकलेल्या असंख्य भारतीयांना त्यांनी ट्विटरवरून दिलासा दिला. २०१६ साली कुणी तरी बिघडलेल्या फ्रिजची तक्रार त्यांच्याकडे केली. संकटातील माणसांपुढे फ्रिजकडे पाहायला आपल्याला सवड नाही, असे त्यांनी 'भाऊ' अशी साद घालून कळवले. २०१७ साली एकाने आपण मंगळावर अडकल्याची थट्टा केली, तेव्हा मंगळावरही भारतीय दूतावास मदत करील, असे त्यांनी उत्तर दिले. हा विनोद पटला, कारण त्यामागे केलेल्या कामाचे तारण होते.

आणि तरीही २०१८ साली लखनौमधील एका आंतरधर्मीय दांपत्याच्या पारपत्राच्या वादात याच सुषमाजींवर अर्वाच्य शिव्यांचा भडिमार झाला. शिव्या देणारे बहुतांशी त्यांच्याच बाजूचे म्हणवणारे होते. त्यांनी त्या शिव्याच उपरोधाने पुन्हा प्रसृत केल्या आणि अशी भाषा आपल्याला मान्य आहे काय, असा कौल मागितला. ५७ टक्क्यांनी 'नाही' म्हटले, ४३ टक्क्यांनी 'होय'. आदल्या वर्षी मंगळाच्या विनोदावर जो समाज हसला, त्याच समाजाचे हे आकडे आहेत.

आज राजकीय पक्षांचे प्रचारविभाग व्यंगचित्रे, विडंबने आणि फिरवलेल्या चित्रफिती घाऊक प्रमाणात तयार करतात. त्यांतील पुष्कळशा सामग्रीखाली नाव नसते. अंगाशी आले तर 'विनोद होता' म्हणून हात झटकता येतात, आणि लागू पडले तर श्रेय पक्षाला मिळते. अत्र्यांचा विनोद सौम्य होता असे नाही. तो कित्येकदा झोंबणारा, मर्यादा ओलांडणाराही होता. पण त्याखाली त्यांचे नाव असे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला ते हजर असत. थरूरांनाही आपल्या वाक्याची किंमत स्वतःच मोजावी लागली. लोकशाहीला विनोदापासून भय नाही. ज्या विनोदाला कर्ताच नाही, त्याला उत्तर कोणाकडे पाठवावे, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.