घरची विद्या आणि शाळेचे दार



मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, हा विचार अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत बोलून दाखविला जातो. त्याला नवे खूळ म्हणून झिडकारणे सोपे आहे, आणि प्राचीन परंपरा म्हणून डोक्यावर घेणेही तितकेच सोपे. इतिहास मात्र या दोहोंपैकी कोणतीच सोय आपल्याला देत नाही.

गृहशिक्षण आपल्याकडे जुने आहे, यात शंका नाही. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली देशी शिक्षणाची पाहणी सुरू केली. मद्रास शहरात घरी शिकणाऱ्यांची संख्या शाळेत जाणाऱ्यांच्या सुमारे पाचपट असल्याचे तीत आढळले. या आकड्यात काही चूक असावी, असे मन्रोंनी स्वतःच नमूद केले आहे. पण विद्येचा मोठा प्रवाह घराघरांतून वाहत होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते. तो कोणाच्या घरातून वाहत होता आणि कोणाच्या उंबरठ्याशी अडत होता, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एकोणिसाव्या शतकातील तीन घरे पाहू. पहिले अनंतशास्त्री डोंगरे यांचे. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असा निश्चय केला. समाजाचा रोष ओढवला, तेव्हा ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. वडील वृद्ध झालेले. म्हणून लेकीला शिकविले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर संसाराचा रगाडा असे, म्हणून उजाडण्यापूर्वी लेकीला उठवून त्या पाठ देत. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

दुसरे घर न्यायमूर्ती रानडे यांचे. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई या घरात आल्या आणि न्यायमूर्तींनी त्यांना अक्षरओळखीपासून शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचत नसे. नवऱ्याची आज्ञा आणि सासरच्या माणसांचा रोष यांच्या कात्रीत ही मुलगी शिकत राहिली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठवणींत हा ताण पानोपानी जाणवतो.

तिसरे घर गोपाळराव जोशी यांचे. त्यांच्याच शिकवणीमुळे आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. परंतु त्या शिकवणीत मारही होता. आनंदीबाईंनी पतीला लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख येतो, आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र वाचताना मन विषण्ण होते. घराच्या भिंतीआड गुरू चुकला, तर शिष्याने दाद कोणाकडे मागावी? शाळेत निदान दुसरा शिक्षक असतो, सोबती असतात, कोणीतरी पाहणारे असते.

या तीन घरांतून निघालेल्या विद्येचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदासदन' काढले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभारले. स्वतः घरी शिकलेल्या या स्त्रियांनी 'घरी शिका' असे सांगितले नाही. त्यांनी शाळा काढल्या. विद्वान पिता किंवा उदार पती लाभणे हा दैवयोग आहे, आणि दैवयोगावर समाजाचे शिक्षण उभारता येत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आपल्या वडोदऱ्याचा दाखलाही हेच सांगतो. १८७५ साली गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांना शिकविण्यासाठी एलियटसाहेबांसारखे गुरू नेमण्यात आले. इतके उत्तम खाजगी शिक्षण क्वचितच कोणाला लाभले असेल. त्याच महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. आपल्याला मिळालेले रयतेच्या मुलाला मिळावे, तर त्याचा मार्ग शाळेतूनच जातो, हे त्यांनी ओळखले.

मग आज घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकांना इतिहास काय सांगतो? तो मनाई करीत नाही, अटी घालतो. पहिली अट वेळेची. लक्ष्मीबाईंची पहाट हे गृहशिक्षणाचे खरे भांडवल होते. ते नसेल तर नुसती पुस्तके आणून उपयोग नाही. दुसरी अट सोबत्यांची. मूल एकटे वाढविणे म्हणजे त्याला भाषेच्या निम्म्या व्यवहाराला मुकविणे होय. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या कुटुंबांना हे अधिक लागू पडते. तिसरी अट बाहेरच्या कसोटीची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा घरी शिकूनही देता येते. माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकाचे कर्तव्य ठरविले आहे, हेही ध्यानात ठेवावे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला आहे. तेथे तर शाळेने आपण होऊन घरापर्यंत गेले पाहिजे.

शेवटची अट सर्वांत कठीण. मुलाला 'मला शाळेत जायचे आहे' असे म्हणण्याची मुभा हवी, आणि ते म्हणाले तर दार उघडण्याची तयारी हवी. त्या तीन घरांतील मुलींना कोणी विचारले नव्हते. आपण विचारू शकतो. दीडशे वर्षांत आपण काही मिळविले असेल, तर ते हेच.