एका हेडमधल्या दोन ठिणग्या

द्रोणागिरीच्या बाजूने न्हावा-शेवा बंदराकडे निघालं, की कंटेनरच्या अवजड ट्रेलरमधून वाट काढत जाणाऱ्या मोटरसायकली दिसतात. यातल्या एखाद्या गाडीचा पिकप कमी झाला, की मालक मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री गाडी चालू करून कान देतो आणि म्हणतो, 'हेड खोलावं लागेल.' आजची गोष्ट या हेडचीच आहे.

हेड म्हणजे सिलिंडरचं छप्पर. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह इथेच असतात, ठिणगी टाकणारा प्लगही इथेच. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवायची, तर हात प्रथम हेडलाच लागतो. हेडचा तळ थोडा घासला की आतली जागा कमी होते, पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि जोर वाढतो. पण दाब फार झाला, की ठिणगीची आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर हेडचा आकारच असा बदलला, की मिश्रण आत घुसळलं जाऊन झटपट जळावं. आग लवकर पसरली, तर ठोक्यांना वेळच मिळत नाही.

आग लवकर पसरवण्याचा दुसरा उपाय म्हणजे दोन प्लग. विमानाच्या इंजिनात ते फार पूर्वीपासून आहेत. एक बंद पडला तरी दुसरा चालावा, हाही त्यामागचा हेतू. आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने हीच युक्ती छोट्या इंजिनात आणली. २००१ साली आलेल्या 'पल्सर'ला २००३ मध्ये दोन प्लगचं हेड मिळालं. 'डीटीएस-आय' ही अक्षरं तेव्हा कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ होती! पेट्रोल वाचवायचं, तर मिश्रणात हवा जास्त ठेवावी लागते. असं मिश्रण सावकाश जळतं. दोन बाजूंनी पेटवलं, की ज्योतीला निम्मंच अंतर कापावं लागतं. २००५ मध्ये बजाजला याचं पेटंटही मिळालं.

पण २००७ मध्ये दक्षिणेतल्या टीव्हीएस कंपनीने १२५ सीसीची 'फ्लेम' जाहीर केली. तिच्याही हेडमध्ये दोन प्लग, शिवाय तीन व्हॉल्व्ह! प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. बजाजचं म्हणणं, छोट्या इंजिनात हे आम्ही प्रथम जमवलं. टीव्हीएसचं म्हणणं, दोन प्लग ही जुनीच गोष्ट, आमची रचना वेगळी. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली, तेव्हा 'फ्लेम' एकाच प्लगवर बाजारात उतरली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मोकळीक दिली, मात्र विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं. पेटंटचे खटले मनाईहुकुमावरच वर्षानुवर्षं लढवले जातात, ते रोजच्या रोज चालवून चार महिन्यांत निकाली काढावेत, असंही बजावलं.

प्रत्यक्षात काय झालं? २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून घेतलं. तोवर मोटरसायकलींच्या कितीतरी पिढ्या बदलल्या होत्या. खुद्द बजाजने २०१२ मध्ये तीन प्लगची पल्सर आणली होती.

मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. जुनी कल्पना नव्या, अडचणीच्या जागी बसवून दाखवणं हा शोध म्हणायचा का? मला वाटतं, म्हणावा. विमानात जागा असते, पैसाही असतो. मुठीएवढ्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सांभाळून दुसरा प्लग बसवायचा, तो गरम तेलापासून वाचवायचा आणि गाडी सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवायची, याला अक्कल लागते. पण तो हक्क ठरवायला बारा वर्षं लागली आणि तरी तो ठरला नाही, तर शोध लावणाऱ्याला काय मिळालं आणि ज्याच्यावर आरोप झाला, त्याला तरी काय मिळालं?

मिस्त्री हेड खोलेल, तेव्हा एकदा वाकून बघा. काजळीने भरलेल्या त्या एवढ्याशा खळग्यावरून दोन मोठ्या कंपन्या दिल्लीपर्यंत भांडल्या होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)