गुलमोहराचं गाव कुठलं?

मे महिन्यात फुलं बघायला साताऱ्याला जातोय, असं हापिसात सांगितलं तर दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली, "कास ना? भारी!" दुसरी, "मे मध्ये? डोकं फिरलंय का तुझं?"

पहिलीवाल्यांसाठी: कासचं पठार फुलतं ते साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेल्यापासून तिथे ऑनलाइन बुकिंग, गर्दी, सेल्फी वगैरे सगळं यथासांग असतं. मे मध्ये गेलात तर तापलेला कातळ आणि वारा, बस्स. दुसरीवाल्यांसाठी: डोकं फिरलेलं नाही. साताऱ्यात १ मे ला 'गुलमोहर दिन' साजरा होतो, १९९९ पासून. बहरलेल्या गुलमोहराखाली चित्रकार चित्रं काढतात, कवी कविता वाचतात. एका झाडाच्या नावाने एक दिवस. आणि २०२६ मधला १ मे येतोय शुक्रवारी. तीन दिवसांचा वीकांत, एकही रजा न टाकता! आयटीवाल्याला याहून मोठा सण कुठला?

शिवाय त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा आहे. म्हणजे पंचांगाच्या हिशोबाने अजून वसंत ऋतूच चालू. घाम काहीही म्हणो.

प्लॅन अगदी आरामाचा आहे. बोरिवलीहून गुरुवारी रात्रीची एसटी, शुक्रवारी सकाळी मामाच्या घरी चहा, मग गुलमोहर. शनिवारी आईच्या मैत्रिणी (मी त्या वेळात अजिंक्यतारा चढून येणार). रविवारी कंदी पेढे घेऊन परत. एकही 'पॉइंट' बघायचा नाही, असं आईने आधीच बजावलंय. पाच वर्षांत ती माहेरी गेलेली नाही. बाबा २०२१ मध्ये गेले, आणि त्यानंतर "पुढच्या सुट्टीत बघू" हे वाक्य आमच्या घरात कायमचं राहायला आलं.

आता खरं कारण. आमच्या सोसायटीच्या गुलमोहराला नोटीस चिकटली आहे.

नवघरमध्ये, भाईंदर पूर्वेला, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. कंपाउंडमध्ये ११ झाडं. त्यातली काही वाचणार, काही 'पुनर्रोपण' या नावाखाली कुठेतरी जाणार, आणि गेटजवळचा गुलमोहर तोडायच्या यादीत. सर्वसाधारण सभेत मी हळूच हात वर केला, तर मागून एक काका म्हणाले, "अरे, ते परदेशी झाड आहे. मुळं उथळ, फांद्या ठिसूळ, पावसाळ्यात कोणाच्या तरी गाडीवर पडणारच. त्याच्या बदली आपली देशी पाच झाडं लावू." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी गोची अशी, की 'देशी झाडं लावा' हा लेख दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर मीच पाठवला होता. काकांचं एकही वाक्य चूक नव्हतं. मुंबईत पावसाळ्यात पडलेल्या झाडांच्या बातम्यांमध्ये गुलमोहर हटकून असतो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "परदेशी कसलं? साताऱ्याचं आहे ते. डालड्याच्या डब्यातून, एसटीत मांडीवर ठेवून आणलंय तुझ्या बाबांनी."

इथून मी वाचायला लागलो. (जी माणसं बग शोधताना रात्र घालवतात, त्यांना असं काही हाती लागलं की झोप येत नाही.)

काका बरोबर आहेत. गुलमोहर मादागास्करचा. वेन्सेस्लास बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२० च्या दशकात तो तिथे दिसला, त्याने तो मॉरिशसला नेला आणि १८२९ साली इंग्लंडमध्ये हूकरने त्याचं वर्णन 'पॉइन्सियाना रेजिया' या नावाने छापलं. म्हणजे शास्त्राच्या वहीत या झाडाचं वय दोनशे वर्षंसुद्धा नाही. शिवाजी महाराजांनी गुलमोहर पाहिलेला नाही. पेशव्यांनीही नाही. साताऱ्याच्या छत्रपतींची गादी चालू होती तेव्हाही साताऱ्यात गुलमोहर रस्तोरस्ती असण्याचा प्रश्नच नव्हता. मला हे वाचून खरंच धक्का बसला, कारण माझ्या डोक्यातल्या प्रत्येक ऐतिहासिक सीरियलमध्ये मागे एक गुलमोहर होता.

मुंबईतली त्याची सगळ्यात जुनी नोंद १८४० च्या सुमाराची आणि शिवडीची मानली जाते. शिवडीच का? तर तिथे १८३५ पासून एक बाग होती. 'ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेला सरकारने बागेसाठी जमीन दिली होती. आपण आज बाग म्हटलं की झोपाळा, घसरगुंडी आणि जॉगिंग ट्रॅक. तेव्हाची बाग म्हणजे आपल्या भाषेत टेस्ट सर्व्हर. जगभरातून बिया आणि रोपं मागवायची, इथल्या हवेत लावायची, काय टिकतं ते बघायचं. कापूस, औषधी झाडं, फळं, लाकूड. ज्यात पैसा आहे ते सगळं. त्याच डब्यांमधून निव्वळ शोभेची झाडंही येत. गुलमोहर वापराचा फारसा नाही: फळ खाता येत नाही, लाकूड हलकं. दिसतो छान, एवढीच त्याची लायकी. पण प्रॉडक्शनला गेला तो हाच!

पुण्यातही असंच. दापोडीला (हो, तेच लोकलचं स्टेशन, शिवाजीनगर आणि पिंपरीच्या मधलं) १८२८ मध्ये सरकारी बाग सुरू झाली होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा तिथला प्रमुख पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रं एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती १७०हून जास्त चित्रं आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, त्यांवर २००२ साली देखणं पुस्तक निघालं. चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नाही. साहेबाचं नाव आहे, फुलांची लॅटिन नावं आहेत, चित्रं ज्याने काढली तो 'पोर्तुगीज-भारतीय चित्रकार'. दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद झाली.

शिवडीच्या बागेचंही तेच झालं. मुंबई वाढत होती, युरोपियन लोकांना दफनभूमी हवी होती, आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळात, १८६५ साली, तिथे शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी झाली. म्हणजे बागेचंही रिडेव्हलपमेंटच. संस्थेने त्याआधीच, १८६१ मध्ये, भायखळ्याला नव्या बागेचं काम सुरू केलं होतं. तीच आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्याला तिथले पेंग्विन आठवतात, पण प्राणी तिथे १८९० नंतरचे. आधी ती निव्वळ झाडांची बाग होती. १८७३ मध्ये संस्थेला ती झेपेना म्हणून नगरपालिकेने ताब्यात घेतली. थंडी सरता सरता तिथे दरवर्षी पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये २६ जानेवारीच्या आसपास. तिकडची बाग आजही याच ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे.

ही प्रदर्शनं थंडीतच का, हाही मजेशीर मुद्दा आहे. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी ही बिचारी बाहेरून आलेली, आपला उन्हाळा न सोसणारी फुलं. आपल्याकडे ती जगतात ती फक्त थंडीत. म्हणून पुष्पप्रदर्शनाचं कॅलेंडर ठरलं जानेवारी-फेब्रुवारीचं, आणि आपला खरा वसंत त्या मंडपांच्या बाहेरच राहिला. मंडप निघतात तेव्हा कुठे पळस, पांगारा आणि काटेसावर पेटायला लागतात. एप्रिल-मे मध्ये बहावा, ताम्हण. यांना कुंडीत बसवून बक्षीस देता येत नाही ना.

आता साताऱ्याकडे. राणीच्या बागेचं उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियरच्या हस्ते झालं. तिचा नवरा सर बार्टल फ्रियर तेव्हा मुंबईचा गव्हर्नर. हाच फ्रियर १८४७ मध्ये साताऱ्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. दत्तक मान्य करा, असं फ्रियरचं मत पडलं. डलहौसीने ते धुडकावून राज्य खालसा केलं. दत्तकाच्या कारणावरून डलहौसीने गिळलेलं हे पहिलं मोठं राज्य. आणि मत डावललं गेलेला फ्रियरच मग १८५० पर्यंत कमिशनर म्हणून तिथला कारभार बघत बसला. जुन्नरच्या डोंगरात सापडलेल्या, फक्त आपल्या सह्याद्रीतच उगवणाऱ्या एका दुर्मिळ वनस्पतीला पुढे त्याचं नाव मिळालं: फ्रेरिया इंडिका. मराठीत शिंदळ माकुडी. म्हणजे झाड शंभर टक्के इथलं, नाव साहेबाचं. आणि गुलमोहर शंभर टक्के बाहेरचा, नाव असं की कुठल्याही मराठी बंगल्याच्या गेटवर शोभावं.

दत्तक मान्य करायचा की नाही, याच भांडणात ज्या गावाने राज्य गमावलं, त्याच गावाने दीडशे वर्षांनी मादागास्करच्या झाडाला एक दिवस देऊन टाकला. तोही कुठला? महाराष्ट्र दिन! तेव्हा आपलं राज्यपुष्प, अस्सल इथलं ताम्हण, नेमकं बहरात असतं. ताम्हणाने तक्रार केली तर ती रास्तच असेल. पण हे कोणी समितीने ठरवलेलं नाही, लोकांना गुलमोहर आवडला, इतकंच. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. हारातला निशिगंध मेक्सिकोचा. देवळासमोरचा पांढरा चाफा त्याच बाजूचा. देवाची अजून तक्रार आलेली नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं का? सांगितलं, लिफ्टमध्ये. ते शांतपणे म्हणाले, "मग रिडेव्हलपमेंट थांबवायचं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. बिल्डिंगच्या सळया दिसायला लागल्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या किचनमध्ये प्लास्टर पडलंय. १९७५ चा झाडं वाचवायचा कायदा आहे, पण तो झाड तोडायला बंदी घालत नाही, परवानगी घ्यायला लावतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा दिला. आमचं झाड माझ्याएवढं, २८ वर्षांचं. देशी-विदेशीचा मुद्दा तसाही फुसका. नवघर १९८५ पर्यंत ग्रामपंचायत होतं, २००२ मध्ये आम्ही महानगरपालिकेचे नागरिक झालो. ३२ फ्लॅट्सपैकी मूळ नवघरचं घर एकही नाही. काका सांगलीहून आले १९९६ साली, म्हणजे गुलमोहराच्या दोन वर्षं आधी.

मी हरकतीचा अर्ज लिहिलाय. तोडू नका असं लिहिलेलं नाही. नव्या नकाशात गेट चार मीटर डावीकडे सरकवलं तर झाड आणि रॅम्प दोन्ही बसतात, असं स्केचसकट लिहिलंय. ते मी ऑटोकॅडमध्ये दोनदा मोजलंय. मुदत सोमवारी, ४ तारखेला संपते, त्यामुळे रविवारी रात्री परतायचंच आहे.

काल आई सुटकेस भरत होती. म्हणाली, "परत येताना शेंगा आणू या दोन-चार." मी म्हटलं, अगं, इथल्याच झाडाला लटकतायत की ढीगभर. तर म्हणे, "त्या इथल्या झाल्या. मला सदर बझारातल्या हव्यात."

मग मी शोधून ठेवलं. बियांचं कवच फार टणक असतं. गरम पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय त्या सहसा लवकर रुजत नाहीत.