लदेणी थांबली तेव्हा

आमच्या घरी चुलीपुढं गोरमाटी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि दारव्ह्याच्या आठवडी बाजारात ‘काय भाव देता जी’ विचारणारी वऱ्हाडी. दादा, म्हणजे वडिलांचे वडील, तिन्ही बोलत. पण जुनं काही सांगायचं झालं की गोरमाटीतच.

त्यांच्या गोष्टींत राजे कमी, बैल जास्त. त्यांच्या आज्यानं लदेणी पाहिलेली. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या. किनाऱ्याचं मीठ घाटावर यायचं, इथलं धान्य दूर जायचं. पुढं तांड्याचा नायक, मागं लेकुरवाळ्या बाया. लढाई कुणाचीही असो, फौजेला दाणागोटा बंजाऱ्यांनी पोचवायचा. १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडाला लढला. त्याच्या पत्रांत या तांड्यांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. दादांना वेलस्ली ठाऊक नव्हता. ‘गोऱ्याचे घोडे आपल्या चण्यावर चालायचे,’ एवढं मात्र ते ठणकावून सांगत.

मग वारं फिरलं. १८५३च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या काळ्या मातीला भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. बैलांना महिना लागायचा ते ओझं मालगाडी दोन-चार दिवसांत नेऊ लागली, तेव्हा लदेणीला कोण विचारणार? तांडे जंगलाच्या कडेला, पडीक जमिनीवर टेकले. कुणी लाकूडफाटा विकला, कुणी पाटलाकडे सालदार राहिला.

पुढं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अडीच फुटी रुळांची गाडी यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला धावू लागली. किलिक-निक्सन या विलायती कंपनीच्या कारभारातली हीच आपली ‘शकुंतला’. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत राबलं. दारव्हा मोतीबाग ठेसनावर कापसाच्या गाठी चढवणाऱ्या हमालांत दादांचे वडीलही होते. दादा म्हणत, ‘ज्या गाडीनं बैल बसवले, तीच आम्ही भरली.’ बोलण्यात राग नसे. ठेसनानं पोट भरलं, हेही ते विसरत नसत.

दादी मात्र इथं त्यांना अडवायची. तिच्या गोष्टीत बैल नसत, शिपाई असत. गावात चोरी झाली की पहिली झडती तांड्याची. त्यामागं होता १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, जो १९११ साली देशभर लागू करता येईल असा झाला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती. दादीला साल सांगता येत नव्हतं. ‘धाकट्याच्या बाळंतपणानंतर शिपाई यायचा थांबला,’ हा तिचा हिशेब.

दोघांचं एकमत व्हायचं ते पोहरादेवीवर. रामनवमीला तिथं आमच्या संत सेवालाल महाराजांच्या समाधीला जायचंच. आणि पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांवर. १९६३ साली ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा दादांनी म्हणे तांड्यात गूळ वाटला.

एवढ्या उलथापालथीत बैल गेले, वाटा गेल्या, बायांचा फेटिया-कांचळीचा पेहरावही सणासुदीपुरता उरला. भाषा टिकली. तिला स्वतःची लिपी नाही, शाळेत तिचा तास नाही. घरातल्या बायांनी ती लेकरांशी बोलत ठेवली, एवढाच तिचा आधार. २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे आमची गोरमाटीच, ही मातृभाषा सांगणारे देशात ३२ लाखांवर निघाले, पण छापील तक्त्यात ते हिंदीच्या पोटात गेले. कोणे एके काळी गुन्हेगार जमातींत, नको तेव्हा मोजलेल्या लोकांना आता हवं तेव्हा वेगळं मोजलं जात नाही.

माझी लेक पुण्यात नोकरी करते, गोरमाटी समजते, बोलताना अडखळते. तिला सांगून ठेवलंय: मोजणारा दारात आला आणि त्यानं घाईघाईत ‘हिंदी लिहू का?’ विचारलं, तर त्याला पाणी दे, बसव, आणि आपल्या भाषेचं नाव लिहून झाल्याशिवाय उठू देऊ नकोस.