रिकाम्या टेकडीचे दोन खासदार

आज आपण अशा मतदारसंघात जाणार आहोत, जिथे मतं होती, जागा होत्या, पण राहायला माणसंच नव्हती.

दक्षिण इंग्लंडमध्ये सॅलिसबरी शहराजवळ ओल्ड सॅरम नावाची टेकडी आहे. एके काळी तिथे किल्ला होता, कॅथेड्रल होतं, वस्ती होती. १२२० मध्ये खाली मैदानात नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं. लोक हळूहळू तिकडे गेले आणि टेकडी ओस पडली. पार्लमेंटमधल्या तिच्या दोन जागा मात्र तशाच राहिल्या.

हे चालायचं कसं? तिथलं मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना होतं. तुकडे ज्याचे, खासदार त्याचे. मतदान एका झाडाखाली व्हायचं, आणि निकाल आधीच ठरलेला असायचा.

१६९१ च्या सुमारास ही मालकी थॉमस पिटकडे आली. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी न घेता हिंदुस्थानात व्यापार करून त्याने पैसा कमावला होता. पुढे कंपनीनेच त्याला मद्रासचा गव्हर्नर केलं! तिथे त्याने गोवळकोंडा भागातल्या खाणीचा प्रचंड हिरा विकत घेतला. १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला; आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

१७३५ मध्ये थॉमसचा नातू विल्यम पिट याच टेकडीचा खासदार झाला. गंमत अशी, की पुढे त्यानेच असल्या मतदारसंघांना राज्यव्यवस्थेचा सडका भाग म्हटलं. त्याचा मुलगा धाकटा पिट पंतप्रधान झाला. १७८४ मध्ये हिंदुस्थानच्या कारभारावर ब्रिटिश सरकारचा अंकुश आणणारा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्या काळात मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या वाढत्या शहरांना स्वतःचा एकही खासदार नव्हता. १८३१ मध्ये ओल्ड सॅरमचे मतदार होते ११! अखेर १८३२ च्या सुधारणा कायद्याने अशा मतदारसंघांच्या जागा गेल्या. तरीही बहुतेक कामगार आणि सगळ्या स्त्रिया मतदानाबाहेरच राहिल्या.

माणसं हलली, पण जागा हलल्या नाहीत, हे ओल्ड सॅरमचं दुखणं. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. पण लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर उभं आहे. त्यामागचं कारण वेगळं आहे: लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. तरी प्रश्न जुनाच आहे. जागा नेमकी कुणाची, जमिनीची की माणसांची? पुढच्या वेळी मतदारसंघांच्या फेररचनेची बातमी वाचाल, तेव्हा ही रिकामी टेकडी जरूर आठवा.