पटावरचा वजीर

बुद्धिबळावरचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना मी नेहमी एका सोंगटीपाशी थांबते. तिकडे ती राणी, आपल्याकडे वजीर. मराठी पटावर बाई नाहीच. त्या पटावर मुंबईच्या खाडिलकर बहिणी बसल्या. १९७४ मध्ये वासंती पहिली राष्ट्रीय महिला विजेती ठरली. पुढे जयश्री आणि रोहिणीनेही ते पद मिळवले. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला: राष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. अनुवादात मी 'वजीर' बदलत नाही. शब्द जुनाच राहिला. तो चालवायला कोणी बसावे, हे मात्र एका मुलीच्या हट्टामुळे नव्याने ठरले.